बारा माणसं, एक हाऊसबोट आणि सासऱ्यांची लाँच

"ताई, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही सगळे केरळला चाललोय. सगळे म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं नि दोन मुलं, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा, नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. एकूण बारा. दिरांनी अलेप्पीच्या हाऊसबोटीचं काढलंय. एका एजंटने चार बेडरूमची अख्खी बोट २८,००० रुपये रात्र सांगितलीये आणि दीर म्हणतात एवढ्या लांब जातोय तर दोन रात्री घेऊ. नणंद म्हणते एक मोठी नको, दोन छोट्या घेऊ. सासरे म्हणतात तुम्ही जा, मी हॉटेलवर बसतो, कारण तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना त्यांना लाँचमध्ये एवढी बोट लागली होती की परत कधी ते बोटीत चढले नाहीत, शिवाय आता गुडघे. सासूबाई शाकाहारी, त्यात गुरुवार. आणि पैशांचं कोणी बोलतच नाही, म्हणजे शेवटी आमच्यावर येणार हे मला दिसतंय. काय करू? — थोरली सून, डोंबिवली"

अगं सूनबाई, पत्र वाचून आधी हसले आणि मग म्हटलं ही बाई ट्रिपला चाललीये की लग्नकार्याला. असो. एकेक करून बोलू, पण पहिल्यांदा दिरांचं, कारण त्यांचं एक वाक्य सुधारलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

दोन रात्री नकोत. एक रात्र बास. हे मी ऐकीव सांगत नाहीये, आम्ही स्वतः हा शहाणपणा करून बसलोय, नऊ माणसं, दोन रात्री, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला माझा मुलगा म्हणाला आई आता काय. काय सांगणार! बघ, हाऊसबोटीचं गणित आधी समजून घे. बोट दुपारी बाराच्या सुमारास मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रिकामी करून द्यायची. ऐकायला एकवीस तास. पण संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट कुठेतरी काठाला बांधतात ती सकाळपर्यंत हलत नाही, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात आणि मोठ्या बोटी फिरल्या तर ती फाटतात, तसा नियमच आहे. मधे जेवायला तासभर थांबवतात. म्हणजे पाण्यावर खरं फिरणं किती, तर दुपारचे चार-साडेचार तास आणि सकाळी नाश्ता झाल्यावर परतीचा एखादा तास. २८,००० त्याचे आहेत, बाकी रात्र म्हणजे पाण्यावरचं लॉज. दुसरी रात्र घेतलीस तर तेच नारळ, तोच डेक, तोच स्वयंपाकी, आणि मुलांचं मोबाईल चार्जिंगवरून भांडण.

हे दिरांना असंच सांगू नकोस हं, त्यांना वाटेल वहिनी पैसे वाचवतायत. त्यांना सांग की दुसऱ्या रात्रीच्या २८,००० मध्ये काय काय होतं ते बघू. काठावरच्या एखाद्या होमस्टेत चार खोल्या बघायच्या आणि एका सकाळी छोटी शिकारा नाहीतर वल्ह्याची होडी दोन-तीन तासांसाठी घ्यायची. कारण गंमत अशी आहे की फोटोत जे बघून आपण जातो ना, अरुंद कालवा, दोन्ही बाजूला घरं, पायरीवर भांडी घासणारी बाई, होडीतून शाळेत जाणारी पोरं, तिथे मोठी हाऊसबोट शिरतच नाही. ती रुंद पाण्यातून, वेंबनाड तलावातून जाते. वेंबनाड म्हणजे भारतातला सगळ्यात लांब तलाव, अलप्पुळा (म्हणजेच अलेप्पी), कोट्टायम, एर्नाकुळम अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला, त्यात मधोमध बोट गेली की काठ लांब दिसतो, छान वाटतं, पण अर्ध्या तासाने डुलकी लागते. आत गल्लीबोळात जायचं तर छोटी होडीच. आमच्या त्या ट्रिपमधला लक्षात राहिलेला भाग तोच, सकाळी सातला एका म्हाताऱ्या नावाड्याने वल्हं मारत आत नेलं आणि एका बांधावर उतरवलं. एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, आणि खाचरं पाण्यापेक्षा खाली! म्हणजे बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी पायाशी आणि दुसऱ्या बाजूला शेत आपल्यापासून माणूसभर खोल. कुट्टनाडला, म्हणजे तलावाकाठच्या या भागात, समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवतात, पंपाने पाणी उपसून. माझे सासरे शेतकरी, ते तिथून हलायलाच तयार नव्हते, नावाड्याला मराठी येत नाही, यांना मल्याळम येत नाही, तरी दोघांचं वीस मिनिटं पंपाबद्दल बोलणं चाललं होतं.

आता सासऱ्यांचं. त्यांना हॉटेलवर बसवून जायचं डोक्यातून काढून टाक, बारा जणांच्या ट्रिपमध्ये एक माणूस खोलीत बसला की बाकी अकरांच्या तोंडाची चव जाते. त्यांना भीती पाण्याची नाहीये, बोट लागण्याची आहे, आणि ती अगदी खरी आहे, रेवसच्या लाँचने भल्याभल्यांची आतडी पिळवटलीयेत. पण तो समुद्र, हे तलावाचं पाणी. हाऊसबोट इतकी हळू आणि सपाट चालते की कधी सुटली ते चहाच्या कपावरूनही कळत नाही. तरी नुसतं सांगून पटणार नाही. तुम्ही डोंबिवलीचे, एका रविवारी संध्याकाळी ठाण्याला तलावपाळीला घेऊन जा, नातवंडांबरोबर बोटीत बसवून एक चक्कर मारून आणा. मुद्दाम म्हणून नेऊ नकोस, मुलांना फिरवायला चाललोय म्हण, आणि त्यांना काठावर उभं करून तू तिकीट काढून ये. आजोबा या ना असं नातवाने म्हटलं की बघ काय होतं ते.

गुडघ्यांचं मात्र मला जास्त वाटतं, आणि हे एजंट कधीच सांगत नाही. अलेप्पीला बोटी जिथून सुटतात, पुन्नमडाला फिनिशिंग पॉइंट म्हणतात, तिथे नेहरू ट्रॉफीची होड्यांची शर्यत संपते म्हणून ते नाव, तिथे बोटी एकीला एक लागून ओळीत उभ्या असतात. तुमची बोट पलीकडची असली तर आधी दुसऱ्यांच्या एक-दोन बोटी ओलांडून जायचं, काठावरून फळी, फळीवरून कठडा, कठड्यावरून परत पायरी. तरणीताठी माणसं बॅगा घेऊन उड्या मारत जातात, सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही. म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगायचं की आमच्यात गुडघेदुखीचे आजोबा आहेत, बोट थेट धक्क्याला लावा. सांगितलं तर लावतात. आणि दुमजली बोट घेत असाल तर आजी-आजोबांची खोली खालची, वरच्या डेकचा जिना उभा असतो, रात्री बाथरूमला उठल्यावर तो नको.

मग एक मोठी की दोन छोट्या? नणंदबाई चुकीचं बोलत नाहीयेत. दोन छोट्या बोटी घेतल्या तर दोन्हीकडे वेगळा स्वयंपाक, संध्याकाळी शेजारी शेजारी बांधायला सांगता येतं, कोणाचं कोणाशी बिनसलं तर मधे पाणी असतं (हे मी लिहिलं असं कोणाला सांगू नकोस). पण तुमचा उद्देश सगळ्यांनी मिळून जायचा असेल आणि मुलं चार असतील तर मुलं एका बोटीत नि त्यांच्या आया दुसऱ्या बोटीत अशी वेळ येते, दिवसभर हाका मारत बसाल. मी तुझ्या जागी असते तर एकच चार बेडरूमची घेतली असती. बारा माणसं चार खोल्यांत म्हणजे एकेका कुटुंबाला एक खोली, आजी-आजोबांना एक, आणि जास्तीच्या गाद्या. गाद्या किती, त्याचे पैसे वेगळे का, हे विचारून ठेव. आणि "अख्खी बोट" हा शब्द त्याच्याकडून लिहून घे, कारण काही जण चार खोल्या देतो म्हणतात आणि जाऊन बघावं तर पाचवी खोली दुसऱ्या कोणाला दिलेली असते आणि पुढच्या डेकवर अनोळखी माणसं बनियनवर.

आता एसी. यावरून दरवर्षी शेकडो मराठी कुटुंबं भांडत असतील. नुसती "डिलक्स" म्हटलं की बहुतेक ठिकाणी एसी फक्त बेडरूममध्ये आणि तोही रात्री नऊ ते सकाळी सहा. दिवसभर एसी पाहिजे तर वरच्या दर्जाची बोट, वेगळा रेट. दिवसभर एसीची तुम्हाला गरज नाहीये, दुपारी पुढे डेकवर वारा असतो, पण संध्याकाळी सहाला बोट बांधली की वारा पडतो, डास येतात आणि नऊ वाजेपर्यंत तीन तास सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आमच्या वेळी दुसऱ्या रात्री आमची बोट पंचवीस-तीस बोटींच्या रांगेत बांधली, शेजारच्या बोटीवर मोठ्याने गाणी, मागे कोणाचा तरी जनरेटर. एजंटला फोन केला तर म्हणे मॅडम सगळ्यांना तिथेच बांधतात. खोटं होतं ते, थोडं पुढे बांधावर शांत जागा होती, पण तिथे विजेची केबल नव्हती म्हणून नेलं नाही. तर हे आधी विचार, रात्री बोट कुठे बांधणार, गावाजवळ बांधावर की रांगेत. तलावाच्या दुसऱ्या काठावरच्या कुमरकोमच्या बाजूने बोट घेतली तर गर्दी जरा कमी असते, तेही एकदा बघ. ओडोमॉस आणि एक टॉर्च घरून.

एक सांगते, बोट चांगली मिळाली तर बांधायची वेळ फार सुंदर असते. आमच्या पहिल्या रात्रीचं आठवतंय, सारंगाने (तिकडेही बोट चालवणाऱ्याला स्रांक म्हणतात, आपला सारंगच तो) इंजिन बंद केलं, पोऱ्याने दोर घेऊन बांधावर उडी मारली आणि नारळाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन गाठ मारली. एकदम शांत. समोरच्या घरातून एक आजी दिवा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि आत गेली, तिला रोजचंच. या बोटी मुळात भात वाहून न्यायच्या होत्या, केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवायच्या. कुट्टनाडचा भात आणि मसाले कोचीला जायचे. रस्ते, ट्रक आले आणि बोटी पडून राहिल्या, मग १९९० नंतर कोणीतरी त्यावर खोल्या बांधून पर्यटक बसवले. तुमच्या बोटीला आता एसी आणि टीव्ही असेल, पण खाली वाकून बाहेरच्या बाजूला बघ, शिवण दिसली तर मुलांना दाखव.

जेवण. दुपारचं, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं आणि नाश्ता हे भाड्यातच असतं. स्वयंपाकी बोटीवरच असतो, त्यामुळे आधी सांगितलं तर तो ऐकतो, बोटीवर चढल्यावर सांगितलं तर भाजी आणायला बाजार मागे राहिलेला असतो. सासूबाईंचं वेगळं भांडं, खोबरेल तेल चालतं का नाही हे ठरवून कळव, तिकडे सगळं खोबरेल तेलात. भात जाड नि लालसर, आपल्याकडे सावंतवाडीकडच्यांना उकड्याचं नवल नाही पण डोंबिवलीत वाढलेली पोरं नाक मुरडतील, पोळी मिळेल का विचार. मासे खाणाऱ्यांना करीमीन मिळतो, एकेक तुकडा, तळलेला, चांगला असतो. आता सापळा ऐक. दुपारी कुठेतरी बोट मासळीच्या टपरीजवळ थांबवतात, हाताएवढी कोळंबी दाखवतात, दिरांच्या तोंडाला पाणी सुटणार, वजन करणार आणि मग किंमत सांगणार. किलोचा भाव आधी, वजन नंतर, आणि बोटीवर शिजवून द्यायचे वेगळे घेणार का तेही आधी. हा एक नियम दिरांना पाठ करून घ्यायला लाव.

दिरांवरून आठवलं, ते आणि नणदेचे मिस्टर वरच्या डेकवर रात्री "बसणार" असतील तर बसू देत, पण कठड्यावर नाही. मी घाबरवत नाहीये. पण पाच वर्षांची पोर बरोबर आहे म्हणून लिहिते. २००९ साली ३० सप्टेंबरला केरळातल्याच थेक्कडीच्या तलावात टूरिस्ट बोट उलटून ४५ माणसं गेली, काठावर जनावरं दिसली म्हणून लोक एका बाजूला धावले असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका. तलाव शांत दिसतो म्हणून आपण सैल होतो. हाऊसबोट रुंद असते, तशी सहज उलटणारी नाही, पण पुढचा डेक उघडा असतो आणि कठडा मुलांच्या मापाचा नसतो. बोटीवर चढल्या चढल्या पहिलं काम, चहाच्या आधी, लाईफ जॅकेट कुठे आहेत ते विचारायचं आणि लहान मुलीच्या मापाचं आहे का ते घालून बघायचं. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराच्या डोक्यातून वर निघून येतं, त्याचा काही उपयोग नाही. नसेल लहान मापाचं तर इथून घेऊन जा, ऑनलाईन मिळतं. छोट्या होडीत बसताना तर घातल्याशिवाय बसायचं नाही, आजोबांनीपण. आणि बोटीवर रजिस्ट्रेशन नंबर रंगवलेला असतो, त्याचा फोटो एजंटकडून आधीच मागव, म्हणजे जी दाखवली तीच बोट आली का हेही कळतं. केरळ टुरिझमचं गोल्ड स्टार, सिल्व्हर स्टार असं वर्गीकरण असतं, आहे का ते विचार.

दिवाळीनंतर म्हणजे तिकडचा परतीचा पाऊस चालू असू शकतो. सकाळ स्वच्छ आणि तीन-चार वाजता धाडधाड वीज असं असतं बऱ्याचदा. तुमचं फिरणं नेमकं दुपारचं, म्हणून बाराला बोट सुटली पाहिजे, साडेबारा-एक करत बसायचं नाही. इथेच रेल्वेची गोची आहे. एलटीटीवरून नेत्रावती एक्सप्रेस घेतलीत तर ती थेट अलेप्पीला जाते हे खरं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचवते, तोवर तुमची बोट निघून गेलेली असते नाहीतर तुमच्यासाठी थांबून तुमचेच तास खात असते. त्या दिवशी अलेप्पीतच मुक्काम करा, संध्याकाळी बीचवर जा, दुसऱ्या दिवशी आरामात बाराला बोट. रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, बारा तिकिटं आणि तीही दिवाळीच्या सुट्टीत, त्या दिवशी सकाळी आठला घरातले तीन जण तीन फोन घेऊन बसा.

आणि एवढं सगळं ऐकून कोणी म्हणालं की जाऊ दे, हाऊसबोट महाग, तर अलेप्पीहून कोट्टायमला सरकारी बोट जाते. जलवाहतूक खात्याची, अडीचेक तास, तिकीट एसटीसारखं किरकोळ, गावातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेली असतात. एसी नाही, कोळंबी नाही, पण बघायला हाऊसबोटीपेक्षा जास्त दिसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. हाऊसबोटीच्या आदल्या दिवशी दिरांना यात बसवून आण, दुसऱ्या रात्रीचा हट्ट असाच जाईल.

राहिले पैसे. हे तू बोलायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने बोलायचं, आणि ट्रिपनंतर नाही, अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी. डोकी मोजू नका, डोकी मोजली की नणंद म्हणणार आमची छोटी काय खाते, ती फुकट धरा. खोल्या मोजा. २८,००० भागिले चार म्हणजे खोलीला ७,०००. आजी-आजोबांच्या खोलीचे ७,००० तिघा भावंडांत, म्हणजे प्रत्येकी साधारण २,३३३. तर प्रत्येक घराचे ९,३३३. फॅमिली ग्रुपवर हा आकडा टाका आणि खाली लिहा, शुक्रवारपर्यंत अ‍ॅडव्हान्सचा तिसरा हिस्सा पाठवा, म्हणजे बोट बुक करतो. कोणी पाठवला नाही तर बोट बुक होणार नाही, आणि मग विचारणारे तुला नाही, ज्याने पाठवला नाही त्याला विचारतील. नणदेला आई-वडिलांच्या खोलीचे पैसे मागायचे का असं तुझ्या मनात येईल, मुलगी म्हणून. मागा. तिला न मागणं म्हणजे तिला पाहुणी धरणं, आणि दोन छोट्या बोटी घेऊ असं सांगणारी बाई पाहुणी नाहीये. ती नाही म्हणाली तर तिची तिला मोकळीक, पण विचारा. कोळंबी, दारू, जास्तीचं काही ज्याचं त्याने.

एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच विचारून ठेव, फोनवर नको, लेखी उत्तर हवं: अख्खी बोट आमचीच का, नंबरसकट फोटो, चालू वर्षाचं लायसन्स, एसी किती ते किती, बोट सुटणार किती वाजता, जेवायला थांबणार का चालत्या बोटीत जेवण, रात्री कुठे बांधणार, धक्क्याला थेट लावणार का, लहान मापाची लाईफ जॅकेट किती, शाकाहारी वेगळं भांडं, आणि पाऊस लागून बोट सुटलीच नाही तर पैशांचं काय. सगळ्यांची नीट उत्तरं आली तर अ‍ॅडव्हान्स पाठव, निम्म्यापेक्षा जास्त नको. "मॅडम नो टेन्शन, ऑल इन्क्लुडेड" एवढंच आलं तर दुसरा बघ, अलेप्पीला बोटींचा दुष्काळ नाही, जिल्हा पर्यटनवाल्यांचं डीटीपीसी ऑफिसही तिथेच जेट्टीजवळ आहे, तिथे विचारता येतं.

आणि हो, तारीख नक्की करायच्या आधी कॅलेंडर काढ आणि बोटीची रात्र गुरुवारी येत नाही ना ते बघ. पाण्याच्या मधोमध साबुदाणा कुठून आणणार तू?